पीएस5 अमेरिकेत 36 हजारांना, मग आपल्याकडे 50 हजार का?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतला अकरावीचा एक मुलगा पीएस5 साठी पैसे जमवतोय. परवा लिफ्टमध्ये म्हणाला, "दादा, आपल्याला लुटतात यार! लाँचला अमेरिकेत 499 डॉलर आणि इथे 50 हजार?"

चला, हिशोब करूनच बघू. भारतात पीएस5 आला 2 फेब्रुवारी 2021 ला. डिस्कवाला 49,990 रुपये, डिजिटल 39,990. तेव्हा डॉलर साधारण 73 रुपयांना होता, म्हणजे 499 डॉलरचे झाले जवळपास 36,400. पण अमेरिकेत जाहिरातीतल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलात वेगळा लागतो. आपल्या एमआरपीत 18 टक्के जीएसटी आधीच असतो. तो काढला की उरतात 42,364. आता फरक राहिला सहा हजारांचा, त्यात आयात शुल्क आणि माल इथवर आणून विकायचा खर्च. थोडक्यात, लुटलंच असेल तर एकट्या सोनीने नाही.

उलट सुरुवातीला सोनीच तोट्यात होती. 499 डॉलरचा मॉडेल आता तोट्यात विकला जात नाही, हे कंपनीने सांगितलं ते ऑगस्ट 2021 मध्ये. आत खास बनवलेली एएमडीची चिप, 16 जीबी जीडीडीआर6 मेमरी आणि 825 जीबीचा वेगवान एसएसडी आहे, हे सगळं स्वस्तात होत नाही. पीएस3 ची गोष्ट तर भारी आहे. 2006 मध्ये 60 जीबीवाला 599 डॉलरला आला, आणि आयसप्लाय या संस्थेने तो उघडून प्रत्येक पार्टची किंमत काढली तर खर्च निघाला सुमारे 840 डॉलर! मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानेही 2021 मध्ये कोर्टात सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

मग पैसा येतो कुठून? प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसंच. दुसऱ्या कंपनीचा गेम स्टोअरवर विकला गेला की साधारण 30 टक्के कन्सोलवाल्याचे. वर दरवर्षीचं सबस्क्रिप्शन.

पूर्वी थांबणाऱ्याचा फायदा व्हायचा. 2009 मध्ये पीएस3 स्लिम 299 डॉलरला मिळू लागला. या वेळी मात्र उलटं झालं. 2022 मध्ये चिप 7 वरून 6 नॅनोमीटरवर आली, आकाराने लहान झाली, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात किंमत 5,000 ने वाढून 54,990 झाली. डॉलर तोवर 80 च्या पुढे गेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेतही भाव वाढला. त्यामुळे "थांब, स्वस्त होईल" असं मी त्याला सांगितलं नाही.

डिस्कवाला घे, एवढं मात्र सांगितलं. लाँचच्या किमतीत डिजिटलमध्ये दहा हजार वाचायचे, पण गेम घ्यायचा फक्त सोनीच्या स्टोअरवरून, आणि खेळून झाला की विकता येत नाही. डिस्क सेकंडहँड मिळते, मित्राशी बदलता येते. 4,999 चा गेम संपवून 3,000 ला विकला, असे पाच गेम झाले की वरचे दहा हजार वसूल होऊन पाच हजार हातात राहतात. वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणार असाल, तर डिजिटल चालेल.