रात्रगस्तीचा पाहुणा

कापसाचा आणि संत्र्याचा हंगाम लागला म्हणजे पांढुर्णा व सौंसर येथील पेठांत रोकड खेळू लागते, आणि त्याबरोबर रात्रीच्या गस्तीचा प्रश्नही दरवर्षी पुढे येतो. आपल्यापैकी काही बंधू अशा वेळी पोलिसांबरोबर गस्तीस जातात. कोणी रक्षा समितीचे सदस्य म्हणून, कोणी केवळ ठाणेदारांच्या आग्रहावरून. जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोलिसांच्या गाडीत बसलेल्या मनुष्याने कसे वागावे, याचा आपल्यात फारसा विचार झालेला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपला अधिकार कोणता, हे समजून घ्यावे. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम १७ अन्वये दंडाधिकारी एखाद्या रहिवाशास विशेष पोलीस अधिकारी नेमू शकतो. नेमणुकीच्या काळात अशा मनुष्यास पोलिसाचेच अधिकार असतात आणि जबाबदाऱ्याही. मध्यप्रदेश ग्राम तथा नगर रक्षा समिती अधिनियम, १९९९ अन्वये नेमलेले सदस्य पोलिसांचे साहाय्यक होत. यांपैकी काहीही नसता जो गाडीत बसला, तो निव्वळ पाहुणा. त्याने कोणास अडवू नये, कोणाचे गाठोडे उघडू नये, 'कोण रे तू, कुठला?' असे दरडावून विचारूही नये. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडल्यास सामान्य नागरिकासही गुन्हेगारास धरता येते, हे खरे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तशी तरतूद असून सहा तासांच्या आत त्यास पोलिसांच्या हवाली करावे लागते. पण पोलीस शेजारीच बसलेले असता पाहुण्यास या कलमाची आठवण होण्याचे कारण नाही.

बाकी शिष्टाचार साधा आहे. निघताना घरी सांगावे. मधुमेह वा हृदयविकार असल्यास अंमलदारास आधीच कळवावे, कारण मध्यरात्री आपल्यासाठी गाडी माघारी फिरली की अर्धी गस्त फुकट जाते. सांगतील त्या जागी बसावे, उतरा म्हणतील तेव्हाच उतरावे, भ्रमणध्वनी खिशात ठेवावा, आणि बिनतारी यंत्रावर बोलणे चालू असता कापसाचे भाव सांगत बसू नये. चहाची गोष्ट मात्र थोडी निराळी. चौविहार पाळणाऱ्या बंधूंपुढे नाक्यावर हवालदार मोठ्या अगत्याने पेला धरतात. तेथे 'नको नको' करून त्यांस अवघडविण्यापेक्षा निघतानाच आपला नियम सांगून टाकावा. पुढे तेच इतरांना सांगतात, 'शेठजींना विचारू नका.' सर्वांच्या चहाचे पैसे देण्याची घाईही करू नये. व्यापाऱ्याने दिलेल्या चहाचा अर्थ काय होतो, हे आपणांस सांगावयास नको.

खरा प्रश्न गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. पोलीस आपले यजमान खरे. परंतु ज्याच्या दारावर अवेळी थाप पडते, त्याने आपणांस बोलाविलेले नसते. अमेरिकेत पोलिसांबरोबर बाहेरच्या माणसांस गाडीतून नेण्याची रीत आहे. तेथे मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल गावी १९९२ च्या एप्रिल महिन्यात अधिकारी एका फरारी इसमाच्या शोधार्थ भल्या सकाळी त्याच्या आईबापांच्या घरात शिरले, आणि एका वर्तमानपत्राचा बातमीदार व छायाचित्रकार यांनाही आत घेऊन गेले. इसम घरात नव्हताच. अंतर्वस्त्रावर असलेला बाप, झोपेच्या वस्त्रांत असलेली आई, आणि समोर छायाचित्रे घेणारा परका! ती छायाचित्रे कधी छापली गेली नाहीत. तरीही प्रकरण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉरंट असले तरी, त्या कामास ज्यांची मदत नाही अशा त्रयस्थांस पोलिसांनी घरात नेणे घटनेविरुद्ध आहे, असे १९९९ साली न्यायालयाने एकमताने ठरविले. १९९२ साली हा नियम स्पष्ट नव्हता म्हणून अधिकारी दायित्वातून सुटले, ती गोष्ट वेगळी.

तो निकाल आपल्याकडे लागू नाही. तरी उंबरठ्याबाहेर थांबण्यास निकालाची गरज कशाला? पंच म्हणून बोलावणे आल्यासच आत जावे. झडतीसाठी परिसरातील दोन वा अधिक निःपक्ष, प्रतिष्ठित रहिवासी बोलावावेत, असे संहितेचे कलम १०३ सांगते, आणि लेखी आदेश असता सबळ कारणावाचून नकार देणे हा गुन्हा ठरतो. मात्र ज्याच्या घराची झडती आहे त्याच्याशी आपली उधारी, भागीदारी वा चढाओढ असेल, तर ते तेथल्या तेथे सांगावे; तसा मनुष्य निःपक्ष कसा?

काही वर्षांपूर्वीची एक रात्र आम्हांस विसरता येत नाही. रेल्वेने उतरलेला एक तरुण जिनिंगच्या फाटकाशी थंडीत उभा होता. पोलिसांनी तिकीट पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत त्यास जाऊ दिले. गाडीत आम्ही दोघे व्यापारी होतो. सकाळी दुकानावर त्याचा सहज उल्लेख झाला. दुपारी बाजारात 'पकडला' होता, दिवेलागणीस 'चोरीत सापडला' होता. तो ज्या दुकानी मुनिमाच्या हाताखाली काम करी, तेथून त्यास संक्रांतीपूर्वीच निरोप मिळाला. सकाळी बोलणारे आम्हीच होतो. मालकाची समजूत घालावयास गेलो तेव्हा त्या जागेवर दुसरा मुलगा बसलेला होता. हुंडी परत आली तर सावकार पुन्हा उभा राहू शकतो. पंधराशे रुपये उधार मिळण्याचीही ज्याची ऐपत नाही, त्याची पत एका वाक्याने जाते.

काही नावे उघड करणे तर कायद्यानेच वर्ज्य आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख प्रसिद्ध केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बालकांविषयीही असाच निर्बंध आहे. भ्रमणध्वनीवरील गटात टाकलेला मजकूर 'घरातल्या घरात' राहतो, या भ्रमात राहू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते, तेव्हाच्या बंदोबस्तात मात्र पाहुण्याने जाऊच नये. शांतता समितीच्या बैठकीत आपले म्हणणे आधी मांडावे. त्या दिवशी बहुधा श्वेतांबर बंधूंचे पर्युषणही चालू असते.

गस्त संपल्यावर गाडी घरापर्यंत सोडावयास येते. चौकातच उतरून पायी जावे. शेजारचे दुकानदार रात्रीचे वर्तमान विचारतीलच. थंडी फार होती, एवढे सांगून कुलूप उघडावे.