जुन्या सायकलला नवे गिअर : खर्च कुठे सार्थ, कुठे व्यर्थ?

मार्चअखेर घड्याळाचे काटे एक तास पुढे सरकतात आणि ब्रिटनमधल्या गॅरेजांत, बागेतल्या शेडमध्ये हिवाळाभर उभ्या असलेल्या सायकली बाहेर निघू लागतात. पहिल्याच फेरीत साखळी करकरते, चढावर गिअर अडतो, आणि शेजारून जाणाऱ्या नव्या सायकलवर विजेवर चालणारे गिअर अलगद बदलताना दिसतात. घरी परतेपर्यंत मनात एकच विचार घोळू लागतो : आपल्याही सायकलचा सगळा संच बदलून टाकावा का?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सायकलपुरते वेगळे असते. उदाहरणादाखल रेडिंगमध्ये राहणारा, पंचेचाळिशीचा एक मराठी संगणक अभियंता डोळ्यांसमोर आणावा. त्याने २०१६ मध्ये घेतलेली रोड बाइक शिमानोच्या १०५ श्रेणीतील ५८०० मालिकेची आहे : मागे ११ चकत्या, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, मागची कॅसेट ११ ते २८ दात्यांची, ब्रेक रिमवर दाबणारे. शनिवार-रविवारी तो चिल्टर्नच्या टेकड्यांत जातो. दहा वर्षांपूर्वी जे चढ तो हसत चढत असे, तिथे आता गुडघे बोलू लागले आहेत. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत : झिजलेले भाग बदलणे, संचाचा काही भाग सुधारणे, किंवा सगळेच नवे घेणे. यांतली पहिली वाट साठ-सत्तर पौंडांत संपू शकते, तर शेवटची हजाराच्या पार जाते.

आधी झीज मोजावी

साखळी ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. साखळीच्या पिना आणि त्यांना वेढणारे आतले भाग एकमेकांवर घासून झिजतात व प्रत्येक सांध्यात बारीकशी मोकळीक निर्माण होते. शंभराहून अधिक सांध्यांची मोकळीक एकत्र आली की साखळी लांब होते. सायकलच्या साखळीतील दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे एका पिनेवर पट्टीचा शून्य ठेवला, तर पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल, तर साखळी अर्धा टक्का झिजली आहे. ११ आणि १२ गिअरच्या साखळ्या याच टप्प्यावर बदलाव्यात. १० किंवा त्याहून कमी गिअरच्या जाडसर साखळ्यांना पाऊण टक्क्यापर्यंत सवड असते. काही पौंडांत मिळणारे साखळीमापक हेच काम क्षणात करते.

हे मोजमाप टाळल्यास भुर्दंड वाढत जातो. लांबलेली साखळी कॅसेटचे दाते आपल्या मापाने कोरत जाते. मग नवी साखळी घातली तरी ती जुन्या दात्यांवर नीट बसत नाही आणि जोर दिला की उडी मारते. चढावर पायडलवर उभे असताना साखळी निसटणे हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. तोल जाऊन रहदारीत पडण्याचा धोका त्यात असतो. वेळेवर साखळी बदलत राहिल्यास एकाच कॅसेटवर दोन-तीन साखळ्या सहज निघतात, आणि चेनरिंग तर त्याहूनही टिकतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ आणि ओला चिखल या झिजेचा वेग वाढवतात. पावसातून आल्यावर साखळी पुसून, वाळवून तेल देणे हा या देशातला सर्वांत स्वस्त ‘अपग्रेड’ आहे.

गिअर अडतात, म्हणजे संच जुना झाला असे नाही

गिअर नीट न पडण्याची कारणे बहुतेकदा महागड्या भागांत नसतात. केबल आणि तिचे बाहेरचे आवरण गंजलेले असते. शिफ्टरच्या आत, जिथे केबल तीव्र वळण घेते, तिथे तिचे तंतू एकेक करून तुटत आलेले असतात. किंवा सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडल्याने मागच्या डिरेलरचा हँगर किंचित वाकलेला असतो. हा हँगर मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो, जेणेकरून धक्का बसल्यास तो वाकावा आणि सांगाडा वाचावा. केबल, आवरण व हँगर यांचे काम दुकानात मजुरीसह तुलनेने थोडक्यात होते. त्यानंतरही जुना ११ गिअरचा संच आपल्याला पसंत पडत नसेल, तरच पुढचा विचार करावा.

खरी अडचण चढाची असेल तर

अभियंत्याची मूळ तक्रार चढाची आहे, म्हणून थोडे गणित मांडू. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना पायडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास सायकल एका फेरीत २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या हा गुडघ्यांना मानवणारा वेग मानला, तर ताशी १०.७ किलोमीटरने चढावे लागते. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन असेल, तर १० टक्के चढावर गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठीच जवळपास २४७ वॅट शक्ती लागते. हौशी स्वाराला ही फार काळ झेपत नाही. साहजिकच त्याच्या फेऱ्या मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

मागे ३४ दात्यांची चकती बसवली, तर प्रमाण एकास एक होते. त्याच ७० फेऱ्यांत वेग ताशी ८.८ किलोमीटरवर येतो आणि लागणारी शक्ती सुमारे २०३ वॅटवर. फरक जवळपास १८ टक्क्यांचा आहे. कार्बनचा कोणताही हलका भाग असा फरक देऊ शकत नाही.

मात्र इथे डिरेलरची मर्यादा आड येते. ५८०० मालिकेचा आखूड पिंजऱ्याचा मागचा डिरेलर जास्तीत जास्त २८ दात्यांसाठी, तर लांब पिंजऱ्याचा ३२ दात्यांसाठी बनवलेला आहे. ३४ दात्यांसाठी त्यानंतरच्या आर७००० मालिकेचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. तो ५८०० च्या शिफ्टरशी जुळतो, कारण दोन्ही ११ गिअरचे असून दर क्लिकला खेचली जाणारी केबल सारखीच असते. नवी साखळी मात्र जुन्यापेक्षा लांब घ्यावी लागते, हे विसरू नये. कॅसेट, साखळी, डिरेलर आणि केबल मिळून खर्च सामान्यतः दीडशे पौंडांच्या आसपास राहतो; दुकानागणिक त्यात फरक पडेल. ज्याचे गुडघे तक्रार करतात, त्याच्यासाठी हा सर्वांत सार्थ खर्च आहे.

११ वरून १२ : ब्रेक आडवे येतात

बाराव्या चकतीचा मोह मोठा असतो. शिमानोने १०५ श्रेणीत १२ गिअरचा विजेवर चालणारा संच २०२२ मध्ये आणि केबलवर चालणारा संच २०२३ मध्ये आणला. चाकाच्या दृष्टीने अडचण कमी आहे : शिमानोच्या रोड प्रकारातील १२ गिअरच्या कॅसेट जुन्या ११ गिअरच्या हबवरही बसतात. स्रॅमच्या अनेक कॅसेटना मात्र एक्सडीआर नावाचा निराळा हब-भाग लागतो.

खरा अडसर ब्रेकचा आहे. १०५ श्रेणीतील १२ गिअरचे हे दोन्ही संच हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठीच बनवलेले आहेत. रिम ब्रेकसाठीचे १२ गिअरचे शिफ्टर शिमानोने केवळ अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या श्रेणींत, तेही विजेवर चालणारे ठेवले. आपल्या अभियंत्याच्या सांगाड्यावर डिस्क ब्रेक बसवण्याची सोयच नाही. म्हणजे बारावी चकती हवी असेल, तर त्याने अल्टेग्राचा महागडा संच घ्यावा किंवा सायकलच बदलावी. दहा वर्षे जुन्या सांगाड्यावर हजार पौंडांहून अधिकचा संच चढवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय ती सायकल पुढे विकायला काढली, तर मसाल्याचे पैसे वसूल होत नाहीत.

बारावी चकती नेमके काय देते, हेही पाहावे. तिच्यामुळे दोन गिअरमधली पायरी थोडी लहान होते, म्हणजे सपाट रस्त्यावर गटाने जाताना फेऱ्यांची लय कायम राखणे सोपे जाते. शर्यतीत हा लाभ खरा आहे. रविवारच्या फेरीत मात्र तो फार जाणवत नाही.

ग्रॅम आणि सेकंद

वरच्या श्रेणीचा संच हलका असतो. पण समजा, त्यामुळे ३०० ग्रॅम वाचले. ८० किलोच्या एकूण वजनात हे प्रमाण ०.४ टक्क्यांहूनही कमी आहे. दहा मिनिटांच्या चढावर त्याने फार तर दोन सेकंद वाचतील. स्वच्छ, तेल दिलेली साखळी पायांची ९५ टक्क्यांहून अधिक शक्ती चाकापर्यंत पोहोचवते. श्रेणी बदलल्याने त्यात नाव घेण्याजोगी भर पडत नाही. विजेवर चालणाऱ्या गिअरचे सुख वेगळे आहे : केबल गंजत नाही, थंडीने बोटे बधिर झाली तरी बटण दाबले जाते. हातांच्या सांध्यांचा त्रास असलेल्यांना याचे मोल अधिक. इतरांनी ती चैन म्हणून घ्यावी. तिला गरजेचे नाव देऊ नये.

वापरलेले भाग घेताना

खर्च वाचवण्यासाठी अनेक जण वापरलेले अल्टेग्रा किंवा ड्युरा-एसचे भाग शोधतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दोन श्रेणींतील ११ गिअरचे, जुलै २०१९ पूर्वी बनलेले काही क्रँक दोन थर चिकटवून तयार केलेले होते आणि ते थर सुटून क्रँक तुटण्याचा धोका होता. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या तपासणीची मोहीम जाहीर केली. अमेरिका आणि कॅनडात ते परत मागवण्यात आले. असा क्रँक विकत घेण्यापूर्वी त्यावरील निर्मिती-संकेत तपासून घ्यावा. वापरलेली साखळी आणि कॅसेट तर घेऊच नये. दुसऱ्याची झीज विकत घेण्यात शहाणपण नाही.

नवी सायकल आणि करसवलत

ब्रिटनमधील ‘सायकल टू वर्क’ योजनेमुळे हा हिशेब पालटू शकतो. १९९९ च्या वित्त कायद्याने आलेल्या या सवलतीत मालक कर्मचाऱ्याला सायकल वापरायला देतो आणि तिची रक्कम करपूर्व पगारातून वळती होते. आयकर व राष्ट्रीय विमा दोन्ही वाचतात. वरच्या कर-टप्प्यातील नोकरदाराला हा लाभ भरीव ठरतो. २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी हजार पौंडांवरील सायकलींचा मार्गही मोकळा केला.

परंतु दोन अटी विसरता येत नाहीत. ही सवलत सायकल आणि स्वाराच्या सुरक्षिततेची साधने यांच्यासाठी आहे. जुन्या सायकलचा गिअरसंच बदलण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. दुसरे म्हणजे, सायकलचा निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यायेण्यासाठी, अथवा त्या प्रवासातल्या स्टेशनपर्यंतच्या टप्प्यासाठी, व्हायला हवा. आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणाऱ्या आणि केवळ रविवारी चिल्टर्न गाठणाऱ्याने योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी या अटीचा प्रामाणिक विचार करावा. योजनेची मुदत संपल्यावर मालकी आपल्याकडे घेण्यासाठी द्यावी लागणारी रक्कमही हिशेबात धरावी.

निर्णयाचा क्रम

एकूण क्रम असा राहतो. प्रथम साखळी मोजावी व झिजलेले भाग बदलावेत. मग केबल आणि हँगर तपासावेत. चढ जड जात असतील, तर मोठ्या कॅसेटचा विचार करावा आणि डिरेलरची मर्यादा पाहावी. पावसात ब्रेक अपुरे वाटत असतील, सांगाड्याचे माप चुकलेले असेल किंवा रुंद टायर बसत नसतील, तर यांतली कोणतीही तक्रार नव्या गिअरने सुटणार नाही. तेव्हा पैसे साठवून सायकल बदलावी. सायकल अंगाला नीट बसत असेल, सांगाडा धड असेल आणि डिस्क ब्रेकची सोय असेल, तर संच बदलण्यात अर्थ आहे, विशेषतः जुना संच तसाही झिजून संपला असेल तेव्हा.

रेडिंगच्या अभियंत्यासाठी उत्तर दीडशे पौंडांच्या आसपास थांबते : ३४ दात्यांची कॅसेट, लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नवी साखळी, नवी केबल. पुढच्या रविवारी तो चढ त्याला आधीपेक्षा सावकाश, पण न उतरता चढता येईल.