बर्फाखाली धुमसणारा देश : आइसलँड

२३ जानेवारी १९७३ ची मध्यरात्र उलटून गेली होती. आइसलँडच्या दक्षिणेकडील हेइमाई या छोट्याशा बेटावरचे लोक गाढ झोपेत होते. रात्री दोनच्या सुमारास गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि आगीची भिंतच उभी राहिली. सुदैवाने आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरातच उभ्या होत्या. त्याच बोटींतून एका रात्रीत सुमारे ५,३०० माणसे मुख्य भूमीवर सुखरूप पोहोचली.

मात्र, बेटवासीयांनी हार मानली नाही. लाव्हारस बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा त्यांनी पंप लावून त्यावर महिनोन्महिने समुद्राचे पाणी मारले. लाव्हा थिजला आणि बंदर वाचले. आज पर्यटक त्याच एल्डफेल नावाच्या ज्वालामुखीवर चढून जातात. राखेतून उकरून काढलेले एक घर तिथल्या संग्रहालयात जसेच्या तसे पाहायला मिळते. आइसलँडची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

आर्क्टिक वर्तुळाच्या जरासे खाली असलेल्या या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर आहे, पण लोकसंख्या ४ लाखांच्या आतच. येथे उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही भूपट्टे दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात. त्या फटीतून पृथ्वीच्या पोटातील आग वर येते. सह्याद्रीचा काळा कातळही अशाच लाव्हारसाचा बनला आहे. फरक एवढाच, की आपल्याकडचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे लोटली. आइसलँडमध्ये मात्र तो अजूनही वाहतो.

एका दिवसाची फेरी

वेळ थोडा असेल तर राजधानी रेकयाविकहून ‘गोल्डन सर्कल’ची एक दिवसाची बससहल करावी. पहिला मुक्काम थिंगवेट्लिर. इ. स. ९३० मध्ये आइसलँडची लोकसभा ‘आल्थिंग’ येथेच, उघड्या आकाशाखाली भरली. दोन भूपट्टांमधल्या दरीतून येथे चक्क पायी चालता येते. धाडसी मंडळी सिल्फ्रा या भेगेतल्या काचेसारख्या स्वच्छ पाण्यात पोहतात. पाण्याचे तापमान २ ते ४ अंश असल्याने त्यासाठी खास पोशाख घालावा लागतो.

पुढे स्ट्रोक्कुर हे उकळत्या पाण्याचे कारंजे लागते. दर काही मिनिटांनी पाणी फुगते, निळसर बुडबुडा तयार होतो आणि क्षणात १५-२० मीटर उंच फवारा उडतो. मुलांना येथून हलवणे अवघड जाते! शेवटी गुट्लफॉस हा ३२ मीटरचा, दोन टप्प्यांत कोसळणारा धबधबा पाहून परतावे.

दक्षिण किनाऱ्याची वाट

देशाला वळसा घालणारा रस्ता १,३०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. संपूर्ण फेरीला किमान आठवडा हवा. तेवढी सवड नसेल तर दक्षिण किनारा तरी चुकवू नये. सेल्यालान्ड्सफॉस धबधब्याच्या पडद्यामागून चालत जाता येते. रेनकोट मात्र हवाच. पूर्वेला व्हाटनायोकुल ही अवाढव्य हिमनदी पसरली आहे. माहीतगार वाटाड्याबरोबर बुटांना लोखंडी काटे बांधून तिच्यावर चालण्याचा अनुभव विलक्षण असतो. वाटाड्याशिवाय बर्फावर पाऊल टाकू नये. भेगा वरून दिसत नाहीत. जवळच्या योकुल्सआर्लोन सरोवरात हिमखंडांमधून नौकेची सैर करता येते.

गरम पाण्याचे सुख

बाहेर बोचरे वारे आणि आपण कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले, ही येथील खरी चैन. प्रसिद्ध ‘ब्लू लगून’ महाग आहे. गावोगावचे सार्वजनिक तलाव मात्र स्वस्त आणि घरगुती वातावरणाचे असतात. तलावात उतरण्यापूर्वी कपडे काढून साबणाने अंघोळ करण्याचा नियम कडक आहे. स्त्री-पुरुषांची सोय वेगवेगळी असली, तरी आपल्या लोकांना सुरुवातीला संकोच वाटतो. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

उत्तरेला हुसाविक येथून देवमासे पाहायला बोटी निघतात. बुटक्या आइसलँडी घोड्यावरची रपेटही आनंददायी असते. या घोड्याची ‘टोल्ट’ नावाची चाल इतकी सफाईदार असते, की स्वाराला हिसके बसत नाहीत.

सौंदर्याला सावध नजरेने पाहा

रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा षट्कोनी दगडी खांबांसाठी प्रसिद्ध आहे. पण शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येते आणि माणसाला ओढून नेते. छायाचित्राच्या मोहापायी तेथे काही पर्यटकांनी प्राण गमावले आहेत. समुद्राकडे पाठ करू नये, मुलांचा हात सोडू नये आणि धोक्याचा लाल दिवा असेल तर पुढे जाऊच नये.

ज्वालामुखीचेही तसेच. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव रातोरात रिकामे करावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावातल्या घरांपर्यंत आला, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ब्लू लगून’चा वाहनतळ त्याखाली गाडला गेला. म्हणून निघण्यापूर्वी हवामान आणि रस्त्यांची सूचना रोज पाहावी. बंद रस्त्यावर गाडी घालू नये. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा.

जाण्यापूर्वी

जून ते ऑगस्ट हा काळ कुटुंबासाठी उत्तम. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी न्यावी. आकाशातला हिरवा उत्तरप्रकाश पाहायचा असेल तर सप्टेंबर ते मार्च यांपैकी वेळ निवडावी. शेंगेन व्हिसा लागतो आणि युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलून जावे लागते. देश महागडा आहे. शाकाहारी मंडळींनी बरोबर चिवडा, थेपले ठेवावेत. चक्क्यासारखे घट्ट ‘स्कीर’ तर दुकानात सहज मिळते. उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे आणि वारा अडवणारे जाकीट हवेच.

हेइमाईचे बहुतेक लोक पुढे आपल्या बेटावर परतले. घरांवरची राख त्यांनी फावड्याने उपसली आणि संसार पुन्हा थाटला. निसर्गाशी भांडू नये, पण त्याला घाबरून घरही सोडू नये, हे त्यांना ठाऊक आहे. आइसलँडहून परतताना पर्यटकाने छायाचित्रांबरोबर ही शिकवणही आणावी.