मागची चिठ्ठी, पुढची चिठ्ठी

रेडिओवर संगणकाविषयी बोलायचं तर एक अडचण असते. हाताशी फळा नसतो. आणि सी भाषेतला प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवला, तर ऐकणाऱ्याला तो मंत्रपुष्पांजलीइतकाही कळणार नाही. म्हणून कोडची एकही ओळ न वाचता मी आज एका साध्या रचनेविषयी बोलणार आहे. तिला ‘डबली लिंक्ड लिस्ट’ म्हणतात. आपण तिला दुहेरी माळ म्हणू.

आपण संगणकावर पत्र टाइप करत असतो तेव्हा आपल्याला एकच काम चाललेलं दिसतं. आत मात्र शेदोनशे कामं चालू असतात. कुणी घड्याळ सांभाळतं, कुणी छपाईकडे लक्ष ठेवतं, कुणी नेटवर्कवर काय आलं ते पाहतं. अशा प्रत्येक चालू कामाला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस जन्माला येतात, काम करतात, संपतात. काही तर डोळ्याचं पातं लवण्याआधीच संपतात. या सगळ्यांची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमला ठेवावी लागते. सतत बदलणारी यादी कशी ठेवायची, असा हा प्रश्न आहे.

पहिला मार्ग नाट्यगृहातल्या रांगेचा. सगळ्या नोंदी शेजारी शेजारी बसवायच्या. पण मधे रिकामी खुर्ची राहता कामा नये असा नियम असेल, तर चौथ्या खुर्चीवरचा माणूस उठला की पाचव्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. हजार माणसं असतील तर कल्पना करा.

दुसरा मार्ग चाळीचा. संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेल्या असंख्य खोल्यांची चाळ. जी खोली रिकामी मिळेल तिथे नोंद ठेवायची आणि तिच्याजवळ एक चिठ्ठी ठेवायची: पुढची नोंद अमुक खोलीत आहे. जाधवांकडच्या चिठ्ठीवर पाटलांचा खोली क्रमांक, पाटलांकडच्या चिठ्ठीवर सावंतांचा. खोल्या कुठेही असोत, चिठ्ठ्यांच्या मागे गेलं की क्रम लागतो. अॅलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन या तिघांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर ही युक्ती वापरात आणली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा तयार केली. त्या भाषेत या चिठ्ठीला पॉइंटर म्हणतात. सी तुम्हाला खोलीचा क्रमांक देते आणि बाजूला होते. त्या खोलीत कुणी राहतं का, हे ती विचारत नाही. तिचा वेगही यात आहे आणि धोकाही.

एकेरी माळेत मात्र एक गैरसोय राहते. पाटील जागा सोडून चालले. आता जाधवांच्या चिठ्ठीवर सावंतांचा क्रमांक लिहायला हवा. पण पाटलांच्या मागे कोण आहे, हे पाटलांना ठाऊकच नाही! मग चाळीच्या पहिल्या खोलीपासून चौकशी करत यायचं. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाकडे दोन चिठ्ठ्या, एक पुढच्याची आणि एक मागच्याची. पाटील निघाले की ते जाधवांना सांगतात, ‘तुमच्या पुढे आता सावंत.’ सावंतांना सांगतात, ‘तुमच्या मागे आता जाधव.’ झालं. माळ दहाची असो की दहा लाखांची, काम दोन वाक्यांचंच.

मधे कुणाला बसवायचं असेल तर मात्र चार चिठ्ठ्या लिहाव्या लागतात. जाधव आणि पाटील यांच्यामध्ये नाईक आले. नाईकांच्या दोन चिठ्ठ्या, जाधवांची पुढची आणि पाटलांची मागची. या चारांपैकी एक मी एकदा विसरलो होतो.

एका कार्यालयातल्या सर्व्हरसाठी मी सी भाषेत एक छोटं टूल लिहिलं होतं. सर्व्हरवर लिनक्स होतं. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो. ‘पीएस’ ही रोजच्या वापरातली आज्ञाही आपली माहिती तिथूनच घेते. माझं टूल दर काही सेकंदांनी ती डिरेक्टरी वाचायचं, नवी प्रोसेस दिसली की तिची नोंद क्रमांकाच्या चढत्या क्रमाने दुहेरी माळेत ओवायचं, आणि संपलेली काढून टाकायचं. कोण किती मेमरी खातंय हे पडद्यावर दिसावं, एवढाच हेतू.

नव्या प्रोसेसचा क्रमांक सहसा सर्वांत मोठा असतो, म्हणून ती माळेच्या शेवटी जाते. शेवटी ओवण्याचा माझा कोड बरोबर होता. चुकलेला होता तो मधे ओवण्याचा. चार चिठ्ठ्यांपैकी तीनच लिहिल्या होत्या. पाटलांची मागची चिठ्ठी राहून गेली होती. चाचणीत हे दिसलंच नाही, कारण मधे कुणी आलंच नाही. त्या यंत्रावर क्रमांक ३२७६७ पर्यंत चढले की यंत्र पुन्हा खालून रिकामे क्रमांक वापरायला लागे. तिथवर पोचायला काही दिवस गेले. मग नव्या प्रोसेस मधे येऊ लागल्या.

पुढे काय झालं पाहा. नाईक आले. जाधव म्हणतात पुढे नाईक, नाईक म्हणतात पुढे पाटील. पुढून यादी वाचली तर सगळं ठीक. पण पाटलांच्या जुन्या चिठ्ठीवर अजून जाधवच. थोड्या वेळाने पाटील गेले. जाताना त्यांनी आपली मागची चिठ्ठी पाहिली आणि जाधवांना सांगितलं, ‘तुमच्या पुढे आता सावंत.’ त्या क्षणी नाईक माळेतून गळाले. ते खोलीत राहत होते, खातपीत होते, पण यादी वाचणाऱ्याच्या लेखी नव्हतेच. टूलच्या दुसऱ्या एका तक्त्यात त्यांचा क्रमांक ‘माहीत असलेला’ म्हणून होता, त्यामुळे त्यांना पुन्हा ओवण्याचाही प्रश्न आला नाही.

आणि दुर्दैव असं, की मेमरी गिळत सुटलेली प्रोसेस नेमकी हीच होती. रात्री सर्व्हर गुदमरला. सकाळी माझ्या पडद्यावर सर्व काही आलबेल. शेजारच्या माणसाने ‘पीएस’ चालवून दाखवलं तेव्हा माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. चूक शोधायला तीन दिवस लागले आणि दुरुस्ती एका ओळीची निघाली. तेव्हापासून माळ पुढून मोजायची, मागून मोजायची आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहायचं, ही सवय मी लावून घेतली.

नंतर मी लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली दुहेरी माळ नीट वाचली. ‘लिस्ट डॉट एच’ नावाची ती फाइल प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने एकदा तरी वाचावी. तिथली माळ गोल आहे. आपल्या जपमाळेसारखी म्हणा. जपमाळेत एकशे आठ मणी असतात आणि शिवाय मेरुमणी. मेरुमणी मोजायचा नसतो आणि ओलांडायचाही नसतो. बोट तिथे पोचलं की एक फेरी पूर्ण झाली असं समजायचं. कर्नलच्या माळेतही एक असा मणी असतो, ज्यात माहिती काहीच नसते. माळ रिकामी असेल तेव्हा त्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर त्याचाच पत्ता असतो. त्यामुळे ‘पहिला असेल तर’, ‘शेवटचा असेल तर’ अशा अटी घालाव्याच लागत नाहीत. प्रत्येकाला मागे कुणीतरी आहे आणि पुढेही. सगळ्या प्रोसेसच्या माळेत तर शून्य क्रमांकाची प्रोसेस मेरुमणी होते. फेरी तिच्यापासून निघते आणि तिच्यापाशी थांबते, पण मोजणीत ती धरली जात नाही.

दुसरी गंमत म्हणजे तिथे नोंद माळेत नसते, माळ नोंदीत असते. चिठ्ठ्यांची जोडी नोंदीच्या पोटात बसवलेली असते, मण्याच्या छिद्रासारखी. एका मण्याला अनेक छिद्रं पाडता येतात. म्हणून एकच प्रोसेस एकाच वेळी सर्वांच्या माळेतही असते आणि आपल्या भावंडांच्या माळेतही. दोरा छिद्राचा पत्ता देतो. मण्याच्या कडेपासून छिद्र किती अंतरावर आहे हे माहीत असतं, तेवढं अंतर वजा केलं की मणी हाती लागतो.

कुणी माळेतून निघालं की कर्नल त्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर मुद्दाम अशक्य पत्ते लिहितं. त्याला चक्क ‘पॉयझन’, म्हणजे विष म्हणतात. गेलेल्याच्या चिठ्ठीवर विसंबून कुणी पुढे पाऊल टाकलं, तर तिथेच बोंब व्हावी, ही इच्छा. शिवाय तपासणीची सोय चालू ठेवली असेल तर काढण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांना विचारलं जातं: तुमच्या चिठ्ठीवर हाच आहे ना? माझ्या टूलमध्ये एवढा एक प्रश्न असता, तर नाईक गळालेच नसते.

हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम माझ्या टूलपुरते नव्हते. सी भाषेत मेमरी वाटून देणारी यंत्रणासुद्धा रिकाम्या खोल्यांच्या दुहेरी माळा ठेवते. २००० साली सोलर डिझायनर या टोपणनावाच्या तज्ज्ञाने नेटस्केप ब्राउझरमधला एक दोष उघड केला. खास घडवलेलं एक चित्र उघडलं, की रिकाम्या खोलीच्या चिठ्ठ्यांवर हल्लेखोराने दिलेले पत्ते येत. मग ती खोली माळेतून काढताना यंत्रणा इमानदारीने त्या पत्त्यांवर जाऊन हल्लेखोराला हवं ते लिहून येई. पुढच्या काही वर्षांत लिनक्सच्या सी लायब्ररीत शेजाऱ्यांना विचारण्याची तपासणी आली. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर ‘करप्टेड डबल-लिंक्ड लिस्ट’ असा संदेश देऊन ती प्रोग्रॅम तिथेच बंद पाडते. हा संदेश पाहून अनेकजण वैतागतात. मला मात्र तो पाहून बरं वाटतं.

नाईकांचं जे माझ्याकडून चुकून झालं, ते काही लोक ठरवून करतात. कर्नलमध्ये नंतर जोडलेल्या भागांना मॉड्यूल म्हणतात, आणि ‘एलएसमॉड’ ही आज्ञा त्यांची यादी दाखवते. ती यादी म्हणजे अशीच एक माळ. घुसखोर मॉड्यूल आत शिरलं की स्वतःला त्या माळेतून अलगद सोडवून घेतं. त्याचं काम चालूच राहतं, यादीत मात्र ते नसतं. म्हणून अशा यंत्राची तपासणी करणारे एका यादीवर विश्वास ठेवत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी ताडून पाहतात.

इतकी वर्षं वापरून झालेल्या या माळेत आता नवं काय निघणार, असं वाटेल. पण २०२२ च्या सुरुवातीला एका संशोधकाने दाखवून दिलं की कर्नलमध्ये काही ठिकाणी फेरी संपल्यावरही फेरीतलं ‘बोट’ वापरलं जातंय. फेरी पूर्ण झाली की बोट मेरुमण्यावर असतं. मेरुमण्याच्या छिद्रापासून ते ठरावीक अंतर वजा केलं तर जो पत्ता येतो, तिथे मणी नसतोच, भलतंच काहीतरी असतं. बोट फेरीपुरतंच ठेवायचं, बाहेर दिसूच द्यायचं नाही, हा सरळ उपाय. पण कर्नल तोवर सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणरूपात लिहिलं जात होतं आणि त्यात तशी सोय नव्हती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी मग भाषेचं रूपच बदलायचं ठरवलं. मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ या आवृत्तीपासून कर्नल २०११ च्या प्रमाणरूपात लिहिलं जाऊ लागलं.