उन्हाचा वाटा, वयाचा वाटा

वसमतच्या शिवारात हळदीची काढणी ऐन तापत्या दिवसांत येते. कंद उकरणं, शिजवणं, वाळवणं, सगळं उन्हातच. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या पन्नाशीच्या बाईचं मनगट आणि बाहीखाली झाकलेला दंड शेजारी ठेवून पाहा. मनगट काळवंडलेलं, बारीक रेघांनी भरलेलं. दंड मात्र अजून नितळ. कातडीचं वय एकच, फरक उन्हाचा. त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन अतिनील किरणांनी लवकर तुटतं. डोक्यावर रुमाल, अंगात लांब बाह्या हा त्यावरचा साधा उपाय.

वयाचा वाटा वेगळा. तरुणपणानंतर कोलॅजन वर्षाला साधारण 1 टक्क्याने घटतं. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत सुमारे 30 टक्के. 'चेहरा एकदम उतरला' असं बायकांना वाटतं, तो भ्रम नसतो. केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी संपत जातात, म्हणून केस पिकतात. तेल बदलून त्या परत येत नाहीत. हे बदल आजार नाहीत. ते लपवण्याच्या धडपडीतूनच जास्त नुकसान होतं: गोरं करणाऱ्या मलमांत कित्येकदा स्टेरॉईड असतं, त्याने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात.

मात्र तीळ वाढला, त्याचा रंग बदलला, जखम महिनाभर भरली नाही किंवा पाठीला बाक येऊन उंची घटली, तर वयावर ढकलू नका, दवाखान्यात दाखवा.