उंबऱ्यापासून किती पावले?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. बांधणाऱ्याची सारी दमछाक त्यात आली. पण मंडळी, घर बांधून झाल्यावर त्यात राहणाऱ्या बाईची दमछाक किती होते, हे त्या म्हणीत नाही. पाण्याचा नळ उंबऱ्यापासून किती पावलांवर आहे? अंगणवाडी, शाळा, रेशनचे दुकान, दवाखाना किती पावलांवर? मी काही इंजिनिअर नाही, कविता करणारा माणूस आहे. तरी स्वस्त घरांचा विषय निघाला की चौरस फुटांच्या आधी मला ही पावले मोजावीशी वाटतात.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. बेळगावातून बिऱ्हाड हलवावे लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. जागा म्हणजे काय, तर निवडुंगाचे रान. त्या रानात यंत्रे बसवता बसवता लक्ष्मणरावांनी वस्तीही वसवली. राहायला घरे झाली, मुलांना शाळा झाली. पुढे १९२० मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. यामागचा हिशेब साधा होता. उजाड माळावर माणूस चार दिवस कामाला येईल. बायकामुलांसह टिकायचा असेल, तर त्याला नुसते छप्पर पुरत नाही.

मात्र अशा वसाहतीतले घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की घर सोडायचे. मग ज्यांना कोणी मालक घर देत नाही, त्यांनी काय करायचे?

याचे उत्तर सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी दिले. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि कितीतरी घरांची चूल बाईच्या विडीवर पेटू लागली. या बायकांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली संघटित होऊन सहकारी तत्त्वावर घरे मागितली. कुंभारी इथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरे बायकांना मिळाली. पैशाची वाटणी कुणालाही कळेल अशी होती. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार बाईचे स्वतःचे.

या वसाहतीत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, दलित, मुसलमान अशा सगळ्या बायका शेजारीण म्हणून राहतात. मला याचे अप्रूप वाटते. तरुणपणी एका शहरात मी भाड्याची खोली शोधत होतो. खोली रिकामी असायची. नाव सांगितले की ती 'कालच दिली' असायची. सभासदाच्या हक्काने घर मिळाले, की हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता पावलांकडे येऊ. विडी वळणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना. तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवून कापायची, विड्या वळायच्या आणि नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. तेव्हा पाण्याच्या रांगेत गेलेला तास तिच्या मजुरीतून जातो. मूल आजारी पडून दवाखान्यासाठी शहर गाठावे लागले, तर अख्खा दिवस जातो, वर रिक्षाचे भाडे. स्वस्त घराला स्वस्त जमीन लागते, आणि स्वस्त जमीन म्हणजे दूरची जमीन. किमतीत वाचलेला पैसा बाई मग रोज थोडा थोडा भरत राहते. नळ, पाळणाघर, दवाखाना आणि बस वस्तीतच असतील, तरच ते घर खऱ्या अर्थाने स्वस्त.

याच कुंभारीत नंतर 'रे नगर'चा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. विडी आणि यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, रिक्षावाले यांच्यासाठी. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पहिल्या सुमारे पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. तीस हजार घरे म्हणजे किती? घरटी पाच माणसे धरा, दीड लाख लोकवस्ती होते. आपल्या सातारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे एक लाख वीस हजार होती. म्हणजे एका माळावर साताऱ्याहून मोठे गाव वसवायचे! सरकारचीच मापे लावून पाहा. आठशे लोकांमागे एक अंगणवाडी धरली, तर जवळपास एकशे नव्वद अंगणवाड्या लागतील. पन्नास हजारांमागे एक शहरी आरोग्य केंद्र धरले, तर तीन केंद्रे. शिवाय लहान मुलांची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. इमारती दोन-चार वर्षांत उभ्या राहतात. शिक्षक, सेविका, डॉक्टर आणि बस मात्र मागावे लागतात, आणि मागत राहावे लागतात.

पंतप्रधान आवास योजनेचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. आपल्या सातारा-सांगलीकडेही अशा घरांचे नकाशे टेबलावर पसरले जातील. नकाशा समोर आला की खोली केवढी, हे आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. अंगणवाडी, दवाखाना आणि दुकानांची जागा नकाशात आहे का? किल्ली हातात येईल त्या दिवशी नळाला पाणी असेल का? आणि पहिली बस कोणत्या महिन्यात सुरू होणार? यांची उत्तरे लेखी घ्यावीत. किल्ल्या वाटून मंडप उतरल्यावर ती मिळायला फार उशीर झालेला असतो.