डोमेन नाव विकताना भाव लिहावा की ऑफर मागवावी?

बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात गेलेल्या कुणालाही हे चित्र नवं नाही. एक जण भाव आधीच सांगून मोकळा होतो, "फिक्स आहे भाई, बोलणी नाही." दुसरा भाव तोंडातून काढतच नाही. "तुम्ही बोला, काय देणार?" एवढंच म्हणतो. आणि एक तिसरा असतो. त्याच्या बकऱ्याच्या अंगावर चंद्रकोर उमटलेली असते, त्यामुळे तो लाखांच्या खाली उतरत नाही. त्याचे व्हिडिओ घराघरात फिरतात आणि ईदच्या आदल्या रात्री तोच बकरा टेम्पोत बसून परत निघालेला असतो.

डोमेन नावांच्या बाजारातही हेच तिघे भेटतात. लॉकडाऊनच्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच तरुणांनी डोमेन घेऊन ठेवली. कुणी दहा, कुणी पन्नास. डॉट कॉमचं एक नाव दरवर्षी चालू ठेवायला हजार-बाराशे रुपये लागतात, म्हणजे पन्नास नावांचे वर्षाला पन्नास-साठ हजार. हा पैसा कधी अब्बांच्या पेन्शनमधून जातो, कधी बहिणीच्या शिकवणीच्या कमाईतून. घरचे विचारतात, "अरे, हे विकणार कधी?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर नाव कसं आहे यात असतं आणि निम्मं ते विकायला कसं मांडलं यात. आम्ही आज दुसऱ्या निम्म्याबद्दल लिहितो आहोत.

आधी एक शंका दूर करू. हातात धरता येत नाही अशी वस्तू विकणं जायज आहे का, असं काही वाचक विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन आणि संशोधन यांचे हक्क हे मालमत्तेसारखे हक्क आहेत. फसवणूक आणि अनिश्चितता नसेल तर ते विकता येतात. त्या ठरावात डोमेनचा उल्लेख नाही, पण डोमेन त्याच जातीचं आहे. फक्त एक लक्षात ठेवा. डोमेन आपण कायमचं विकत घेत नाही, ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावावर नोंदवतो. नूतनीकरण चुकलं की हक्क गेला. म्हणून मुदत संपत आलेलं नाव विकताना ती तारीख गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी.

आता मूळ मुद्दा. आफ्टरनिक, सेडो यांसारख्या बाजारपेठांवर नाव चढवताना दोन मुख्य पर्याय समोर येतात. एकात तुम्ही भाव लिहिता आणि गिऱ्हाईक बटण दाबून तेवढे पैसे भरतो. दुसऱ्यात भाव नसतो, गिऱ्हाईक आपली ऑफर लिहून पाठवतो आणि मग बोलणी सुरू होतात. दोन्हीकडे विक्री झाल्यावर बाजारपेठ आपलं कमिशन कापते. ते पंधरा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतं. ते धरूनच हिशेब करा.

भाव लिहिण्याचा मोठा फायदा असा की तुम्ही झोपेत असतानाही विक्री होते. नाशिकचा एखादा दुकानदार रात्री एक वाजता वेबसाईट काढायला बसला, हवं ते नाव शोधलं आणि तिथेच किंमत दिसली, तर तो घेऊन मोकळा होतो. तुमचं नाव योग्य प्रकारे नोंदवलेलं असेल तर ते अनेक रजिस्ट्रारच्या शोधपेटीत किमतीसकट दिसतं. छोट्या धंदेवाल्याला बोलणी करायला वेळ नसतो आणि हौसही नसते. किंमत दिसली नाही की त्याच्या मनात पहिलं येतं, "बहुतेक लाखात असेल, सोडा." तो नावाच्या पुढे-मागे एखादा शब्द जोडून दुसरं डोमेन घेतो आणि तुम्हाला कळतही नाही की दारात गिऱ्हाईक येऊन गेला.

तोटाही तितकाच खरा आहे. तुम्ही 40,000 लिहिले आणि घेणारी कंपनी 4 लाख द्यायला तयार होती, तर ते कळेपर्यंत नाव हातातून गेलेलं असतं. इथे हळहळ चालेल, पलटी चालणार नाही. भाव तुम्ही लिहिला, समोरच्याने कबूल केला, सौदा झाला. या बाजारपेठांच्या अटीही तसंच सांगतात. "चुकून कमी लिहिला होता" असं म्हणून नाव अडवून धरणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. व्यवहार म्हणूनही ते वाईट आणि दीन म्हणूनही. म्हणून भाव लिहिला की तो दर सहा महिन्यांनी तपासा. "एआय"शी जोडलेल्या नावांची मागणी दोन-तीन वर्षांत किती बदलली ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

ऑफर मागवण्यात उलटा हिशेब असतो. तुमचं नाव एकमेव असेल, म्हणजे छोटा शब्दकोशातला शब्द किंवा तीन-चार अक्षरांचं डॉट कॉम, तर त्याची किंमत घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते आणि ती गरज तुम्हाला आधी माहीत नसते. व्हॉईस डॉट कॉम 2019 मध्ये 3 कोटी डॉलरला गेलं, ती रक्कम किमतीच्या पाटीवर कुणी लिहिली नसती. पण या बातमीनेच आपल्या पोरांचं नुकसानही केलं आहे. असा सौदा वर्षानुवर्षांत एखादा होतो. "बेस्ट बिर्यानी पुणे ऑनलाईन" अशा लांबलचक नावासाठी ऑफरची वाट पाहणं म्हणजे चंद्रकोरवाला बकरा घेऊन बसणं.

घासाघीस करणं आपल्या दीनमध्ये वाईट नाही, हे सांगायला हवं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जाबिर (र.) यांच्या उंटाचा सौदा बोलून ठरवला होता आणि शेवटी किंमतही दिली, उंटही परत दिला, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आलं आहे. अडचण घासाघिशीत नसून तिच्यात शिरणाऱ्या खोटेपणात आहे. "माझ्याकडे आधीच दोन लाखांची ऑफर पडून आहे" हे वाक्य या धंद्यात सर्रास वापरलं जातं. ऑफर खरोखर असेल तर सांगा. नसेल तर तो सरळ खोटेपणा आहे. मित्राला दुसऱ्या नावाने बोली लावायला सांगून भाव चढवणं ही नजश झाली आणि तिची मनाई हदीसमध्ये स्पष्ट आहे. भाव लिहून ठेवणाऱ्यावर हा मोह येतच नाही. आम्हाला फिक्स भाव आवडतो त्याचं हे एक प्रामाणिक कारण आहे.

ऑफर मागवणाऱ्यांना आणखी एका गोष्टीपासून सावध करायचं आहे, कारण यात घरचे पैसे गेलेले आहेत. ईमेल येतो, "तुमच्या नावाचे 8,000 डॉलर देतो." मन हरखतं. दोन-तीन मेल छान बोलून झाल्यावर समोरचा म्हणतो, "माझ्या गुंतवणूकदाराला मूल्यांकनाचं प्रमाणपत्र हवं, फक्त या साईटवरून काढा." त्या साईटची फी शंभर-दोनशे डॉलर. फी भरली की गिऱ्हाईक गायब, कारण साईटही त्याचीच किंवा त्याच्या साथीदाराची. खरा घेणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. त्याला मूल्यांकन हवं असेल तर तो ते स्वतःच्या खर्चाने करील.

मग करायचं काय? आमचं मत असं. दोन शब्दांची, छोट्या धंद्याला शोभणारी नावं असतील तर सरळ भाव लिहा. डोळे मिटून भाव लिहू नका, तशाच नावांच्या झालेल्या विक्रीच्या किमती नेमबायोसारख्या साईटवर पाहून ठरवा. दहातली एक-दोन नावं खरोखर दुर्मीळ असतील तर तेवढीच ऑफरवर ठेवा, पण किमान ऑफरची मर्यादा घाला, नाहीतर 20 डॉलरच्या ऑफरींना उत्तरं देण्यातच दिवस जाईल. बऱ्याच ठिकाणी भाव लिहून शेजारी ऑफरचा पर्यायही उघडा ठेवता येतो. आम्हाला हीच वाट बहुतेकांसाठी योग्य वाटते. घाई असलेला पूर्ण भाव देतो, बाकीचे बोलायला येतात. हप्त्यांवर देण्याचीही सोय असते. हप्त्यांमुळे एकूण किंमत थोडी जास्त ठेवली आणि ती सुरुवातीलाच पक्की केली तर बहुसंख्य उलेमा त्याला परवानगी देतात, पण उशीर झाला म्हणून वाढणारी रक्कम घेऊ नका.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घेऊन बसला असाल तर मात्र भावाचा प्रश्नच उरत नाही. दिल्लीच्या एका ॲप डेव्हलपरने 2023 मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं आणि 2024 मध्ये कंपनीकडे परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. ट्रेडमार्कवाल्यालाच चढ्या भावात विकण्यासाठी नाव घेतलं असेल, तर डॉट कॉमचे आणि डॉट इनचे दोन्हीकडचे वाद-नियम ते वाईट हेतूचा पुरावा मानतात आणि नाव काढून घेतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं आहे.

सौदा बाजारपेठेबाहेर ठरला तर पैसे एस्क्रोमध्ये जमा झाल्याशिवाय ऑथ कोड कुणालाही देऊ नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. डॉट कॉम नुकतंच नोंदवलं असेल तर पहिले 60 दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा. त्याच रजिस्ट्रारवर त्याचं खातं असेल तर बहुतेक ठिकाणी नाव त्याच्या खात्यात लगेच टाकता येतं.